पित्तच असेल...

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त जरा विचित्र आहे. छातीतली जळजळ! (हसू नका.) घरातली जी मंडळी इथे अधूनमधून डोकावतात त्यांना यातला अर्धा भाग ठाऊक आहे. उरलेला अर्धा आत्याला विचारून, तिची परवानगी घेऊन लिहिते आहे.

आधी थोडं आमच्या घरातल्या 'पित्ता'विषयी. आमच्याकडे पित्त ही एक सर्वव्यापी गोष्ट होती. डोकं दुखलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त. एसटीत उलटी झाली, पित्त. छातीत जळजळलं, घशाशी आंबट आलं, तर अर्थातच पित्त. एखाद्याचा राग अनावर झाला तरी त्याचं पित्त खवळलेलं असायचं. त्यावरचे उपायही ठरलेले: कोकम, आवळा, थंड दूध, नाहीतर लिंबू पिळलेला खायचा सोडा. बरेचदा बरं वाटायचंही. त्यामुळे 'पित्त असेल' हे दोन शब्द म्हटले की विषय संपायचा. नाव मिळालं की आपल्याला वाटतं, कारणही मिळालं.

गंमत म्हणजे डॉक्टर ज्याला पित्तरस म्हणतात तो यकृतात तयार होतो आणि चवीला कडू असतो. तो आम्ल नव्हेच. छातीत जळजळ करतं ते जठरातलं आम्ल. आयुर्वेदात मात्र अम्लपित्त असा वेगळा विकार सांगितलेला आहे. माधवनिदानात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि वर जाणारं आणि खाली जाणारं असे त्याचे दोन प्रकारही आहेत. म्हणजे जुन्या वैद्यांनी सगळं एकाच गाठोड्यात बांधलं नव्हतं. गाठोडं आम्ही बांधलं.

आता मूळ गोष्ट. गेल्या डिसेंबरात दत्तजयंतीची गर्दी ओसरल्यावर मी वाडीला गेले. वाडी म्हणजे नृसिंहवाडी, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची. माझ्या आत्याचं सासर तिथलं. लहानपणी दरवर्षी जायचो. मधली कितीतरी वर्षं मी जायचं टाळलं, त्याचं कारण पुढे येईलच. पुण्याहून कोयना एक्स्प्रेसने जयसिंगपूर आणि तिथून आतेभाऊ, म्हणजे दादा, गाडी घेऊन आला होता. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झालेली. हातपाय धुऊन तशीच देवळात गेले. करुणात्रिपदी चालू होती. घाटाच्या पायऱ्यांवर बसून ऐकली. नदीवरून गार वारा येत होता. फार बरं वाटलं.

आणि मग आत्याचं जेवण! कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, वर शेंगदाण्याचं तेल. वाडीला येऊन बासुंदी नाही असं होतच नाही, त्यामुळे दोन वाट्या बासुंदी. मी दुसऱ्या वाटीला नको म्हणत होते, तर आत्याचं नेहमीचं वाक्य आलं, "घे गं, वाडीचं अन्न बाधत नाही." या वाक्याच्या पाठीशी गुरुचरित्रातली गोष्ट असते. तेराव्या अध्यायात पोटशुळाने गांजलेला एक ब्राह्मण आहे. अन्न पोटात गेलं की त्याला मरणप्राय कळा येत. शेवटी गोदावरीत जीव द्यायला निघतो, आणि नृसिंहसरस्वती त्याला पोटभर जेवू घालायला सांगतात. त्या जेवणाने त्याचं दुखणं जातं. आत्याने ही गोष्ट सांगून आम्हा भावंडांना लहानपणापासून किती वाढलंय याचा हिशेब नाही. :)

गप्पा मारता मारता साडेदहा वाजले. जेवून पाऊण तासही झाला नव्हता, तोच मी आडवी झाले.

रात्री दीडच्या सुमारास जाग आली ती छातीतल्या आगीने. आग हाच शब्द. छातीच्या मधोमध, हाडाच्या मागे कुणी निखारा ठेवल्यासारखं. तो निखारा वर घशापर्यंत चढत होता. तोंडात आंबट पाणी. उठून बसले तर थोडं कमी, आडवी झाले की पुन्हा तेच. घाम आला होता. आता तो जळजळीचा की भीतीचा, हे मला आजही सांगता येणार नाही. हात दुखतोय का, हे मी स्वतःलाच इतक्या वेळा विचारलं की शेवटी तो दुखायला लागला.

कारण माझे बाबा असेच गेले. १९९६ साली, दत्तजयंतीच्या रात्री, याच घरात छातीत जळजळतंय म्हणाले. एकोणपन्नास वर्षांचे होते. मी तेव्हा अठरा वर्षांची, आईबरोबर पुण्यात. पहाटे शेजारच्यांकडे फोन आला. पुढच्या दोन वर्षांत मी त्यांच्या वयाची होईन.

मी बिछान्यात बसून एकीकडे घाबरत होते आणि दुसरीकडे स्वतःची समजूत घालत होते, की अगं, एवढा खर्डा आणि वर दोन वाट्या बासुंदी, पित्तच असेल. कुणाला कशाला उठवायचं? सकाळपर्यंत बघू. हे असं मनाशी म्हणाले आणि एकदम दचकले. बाबाही बहुतेक असंच म्हणाले असतील.

इतक्यात आत्याच दारात उभी. तिची झोप आता सावध. "काय होतंय?" तिने विचारलं. "काही नाही गं, जळजळतंय जरा. सोडा आहे का घरात?" मी म्हणाले. यावर ती काही बोललीच नाही. सरळ आत गेली, दादाला हलवून उठवलं आणि म्हणाली, "गाडी काढ." दादा झोपेत म्हणाला, "अगं, पित्त असेल तिला." तर ऐंशीच्या घरातली माझी आत्या त्याच्यावर असं काही ओरडली की शेजारचे दिवे लागले. "ते डॉक्टर सांगू दे. तू गाडी काढ."

अर्ध्या तासात आम्ही जयसिंगपूरच्या एका दवाखान्यात होतो. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला. तो नॉर्मल. मी उठून चप्पल घालायला लागले, तर म्हणाले, "ताई, बसा. एका ईसीजीवर घरी सोडता येत नाही. पहिला नॉर्मल असूनही पुढे हार्ट अटॅक निघू शकतो." मग रक्त घेतलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात वाढतं, पण वाढायला वेळ लागतो. म्हणून काही तासांनी पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा ईसीजी. उजाडेपर्यंत आम्ही तिथेच होतो. आत्या बाकावर बसून जप करत होती. हातातल्या माळेकडे तिचं लक्ष नव्हतं, माझ्याकडे होतं.

सगळं नॉर्मल आलं. जठरातलं आम्ल अन्ननलिकेत उलटलं होतं, बाकी काही नाही. मला एकदम रडूच फुटलं. आणि थोडी लाजही वाटली, की एवढ्यासाठी सगळ्यांची रात्र घालवली. तसं मी बोललेही. त्यावर डॉक्टर म्हणाले ते मी विसरणार नाही. "ताई, अन्ननलिका आणि हृदय छातीत शेजारी शेजारी आहेत, आणि दोघांच्या दुखण्याचा निरोप जवळपास एकाच वाटेने मेंदूकडे जातो. आम्हालासुद्धा मशीन लावल्याशिवाय खात्री देता येत नाही. तुम्ही घरी बसून कशी देणार?"

सकाळी पेशंट कमी होते, म्हणून त्यांना बरंच विचारून घेतलं. पुण्याला आल्यावर वाचलंही. ते इथे थोडक्यात लिहिते, कारण मला वाटतं यातलं बरंचसं आपण उलटं समजतो.

माझी समजूत होती की जळजळ म्हणजे ॲसिड 'जास्त' झालं. बहुतेक वेळा तसं नसतंच. आम्ल नेहमीइतकंच असतं, फक्त ते भलत्या जागी गेलेलं असतं. जठरात रोज साधारण दीड-दोन लिटर पाचकरस तयार होतो. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल चांगलंच जहाल असतं. पण जठराला आतून चिकट श्लेष्माचं अस्तर असतं, त्यामुळे त्याला ते सोसतं. अन्ननलिकेला असं अस्तर नाही. या दोघांच्या मधे स्नायूचं एक कडं आहे. घास खाली गेला की ते मिटतं. ते भलत्या वेळी सैल पडलं की आम्ल वर येतं आणि अन्ननलिका भाजते. तुडुंब जेवण, तेलतुपाचं आणि सायीचं खाणं, तंबाखू, दारू, वाढलेलं वजन, गरोदरपण ही ते सैल पडण्याची किंवा त्यावर दाब येण्याची कारणं. आणि जेवल्याजेवल्या आडवं होणं, कारण मग आम्लाला चढच उरत नाही. म्हणजे मी त्या रात्री एकही चूक करायची शिल्लक ठेवली नव्हती. बासुंदीसुद्धा! दूध पिताना गार वाटतं खरं, पण थोड्या वेळाने तेच जठराला आणखी आम्ल सोडायला लावतं.

बरं, हे आम्ल नसतं तर? तर अन्नातली प्रथिनं नीट पचली नसती, कारण पेप्सिन आम्लातच कामाला लागतं. पाण्याबरोबर, अन्नाबरोबर पोटात जाणारे कितीतरी जंतू तिथेच मरतात. लोह शोषलं जायला आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला आम्ल लागतं. आपण ज्याला शत्रू समजून रोज सकाळी गोळी घेतो तो खरं तर घरचाच राखणदार आहे.

हे सगळं माणसाला कळलं कसं, तीही गोष्ट मजेशीर आहे. लंडनच्या विल्यम प्राउट यांनी १८२३-२४ मध्ये दाखवलं की जठरातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. त्याच सुमारास अमेरिकेत अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या एका तरुणाला १८२२ मध्ये चुकून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटाचं भोक कधी बुजलंच नाही. विल्यम बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधून मांसाचे, भाजीचे तुकडे आत सोडले आणि ते कसे विरघळतात ते वर्षानुवर्षं पाहिलं. १८३३ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या लक्षात आलं होतं की सेंट मार्टिन चिडला की त्याचं पचन बिघडतं. (बिचारा चिडणारच की!) म्हणजे पित्त खवळणं हा नुसता वाक्प्रचार नाही.

पुढे १९७० च्या दशकात आम्ल कमी करणारी सिमेटिडिनसारखी औषधं आली. ती शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी ओमेप्राझोल बाजारात आलं. ते जठरातल्या पेशींचा आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद करतं. म्हणून ती गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, पंप सुरू व्हायच्या वेळेला. जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर लगेच काही होत नाही. ऑस्ट्रेलियातले बॅरी मार्शल तर १९८४ मध्ये जंतूंनी भरलेलं द्रावण स्वतःच प्यायले, जठरातले व्रण बहुतांशी एका जंतूमुळे होतात हे पटवण्यासाठी. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे घरोघरी डब्यात असणारं रॅनिटिडिन २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं गेलं. त्यात कर्करोगाची भीती असलेला घटक सापडत होता. सांगायचा मुद्दा, शेजारणीने दिली म्हणून गोळी वर्षानुवर्षं घेत राहू नये. माझ्या ओळखीत दोघी तशा आहेत. डॉक्टर म्हणाले, काही आठवड्यांचा कोर्स वेगळा आणि आयुष्यभर घेणं वेगळं.

आता सोडा. सोडा आणि आम्ल एकत्र आले की मीठ, पाणी आणि वायू तयार होतो. वायू ढेकर होऊन बाहेर पडतो आणि बरं वाटतं. पण डॉक्टरांचं एक वाक्य मी वहीत लिहून घेतलं: सोड्याने बरं वाटलं म्हणजे दुखणं पोटाचंच होतं हे सिद्ध होत नाही. हृदयाचं दुखणंही मधेच थोडा वेळ ओसरू शकतं.

हे वाक्य आत्यानेही ऐकलं. ती तेव्हा काहीच बोलली नाही.

दुपारी आम्ही दोघी घाटावर जाऊन बसलो. थोडा वरणभात खाल्ला होता, आणि आज तिने आग्रह केला नव्हता. नदीकडे बघत म्हणाली, "तो डॉक्टर बोलला ते मला नदीसारखं वाटलं बघ. पावसाळ्यात पाणी चढतं, स्वामींच्या पादुकांवरून वाहतं, दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. लोक लांबून येतात त्या दक्षिणद्वाराला, त्या पाण्यात आंघोळ करतात. ते देऊळ त्यासाठीच तसं आहे. आणि तेच पाणी २०१९ ला आपल्या माजघरात आलं, तेव्हा? पाणी तेच. नदीचं काय चुकलं?" मी म्हटलं, आत्या, डॉक्टरांनी अर्धा तास समजावलं ते तू दोन मिनिटांत सांगितलंस.

मग तिने मला बाबांची ती रात्र सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्या दिवशी पारण्याचं जेवण होतं. बाबांनी दिवसभर नदीवरून कळशा आणल्या होत्या. रात्री जळजळतंय म्हणाले. आत्याने सोडा-लिंबू दिलं. ढेकर आला, बरं वाटलं म्हणाले आणि पडले. तासाने पुन्हा उठले. तिने पुन्हा सोडा दिला. "तेव्हा अण्णा म्हणाला होता, डावा हात जड झालाय. मी म्हटलं, कळशा वाहिल्यास ना दिवसभर. तो हसला. हो म्हणाला." पुढे पहाटे फार झालं तेव्हा कुरुंदवाडहून जीप मागवली. मिरजेच्या वाटेवर गेले.

"पित्त असेल म्हणाले गं मी," आत्या म्हणाली. "दोनदा म्हणाले."

मला काय बोलावं सुचेना. या सगळ्या वर्षांत मी वाडीला यायचं टाळलं ते त्या घराकडे बघवत नाही म्हणून. आणि ती त्याच घरात राहिली. रोज त्याच स्वयंपाकघरात, त्याच फडताळासमोर. मी तिला म्हटलं की तेव्हा कुणालाच कळलं नसतं, गाडी नव्हती, रात्र होती. हे खरंही आहे. तिने मान हलवली. पटल्यासारखी नाही, ऐकून घेतल्यासारखी.

थोड्या वेळाने म्हणाली, "ती पोटशुळाची गोष्ट मी आयुष्यभर अर्धीच सांगत आले. स्वामींनी त्याला नुसतं जेव म्हटलं नव्हतं. आधी जवळ बोलावून घेतलं, विचारलं, बाबा रे, तुला होतंय काय? त्याने सगळं सांगितलं, मग पुढचं. विचारणं आधी आहे. मी अण्णाला विचारलंच नाही. त्याने आपणहून सांगितलं, तर मीच उत्तर दिलं."

आम्ही शेजारती होईपर्यंत देवळाच्या आवारातच होतो. घरी येताना तिने माझा हात धरला होता, पायऱ्या चढायला म्हणून.

असो. तर आता माझं काय? रात्री आठच्या आत जेवते. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवते. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घातल्या आहेत. नुसत्या उशा वाढवून मान मोडते, उपयोग होत नाही. डाव्या कुशीवर झोपते. औषधाचा कोर्स पूर्ण झाला, बंद केलं. गिळताना अडकणं, वजन उतरणं, काळी शी, रक्ताची उलटी यातलं काही दिसलं तर ताबडतोब दाखवायचं, हे डॉक्टरांनी बजावलं आहे. बासुंदी सोडलेली नाही. एक वाटी, आणि तीही दुपारी. :)

आणि तुम्हाला एक विनंती. छातीत दुखलं, दाटून आलं, घाम फुटला, धाप लागली, दुखणं हातात, पाठीत किंवा जबड्यात गेलं, तर घरी बसून नाव ठेवू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करा किंवा कुणाला तरी उठवा. बायकांना तर खास सांगते, कारण आपल्यात हृदयाचं दुखणं पुष्कळदा मळमळ, थकवा असं साधं होऊन येतं आणि आपण ओटा आवरून मग बघू म्हणतो. पित्तच निघालं तर उत्तम. लोक हसतील, हसू देत.

परवा आत्याचा फोन आला होता. खाली शेजारच्या वहिनींना रात्री छातीत जळजळत होतं. "मग काय केलंस?" मी विचारलं.

"आधी विचारलं, काय काय होतंय," ती म्हणाली. "मग दादाला म्हटलं, गाडी काढ."